शेऱ्याचा रकाना

१८ ऑगस्ट २०२४. रविवार होता आणि मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच दुपारी ताईचा फोन आला. ती आई होणार होती. बाळाचा धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, मीच व्हायचं, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी हो हो म्हणत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "तुझं दृढीकरणाचं सर्टिफिकेट तेवढं शोधून ठेव. चर्चमध्ये मागतात."

पोटात गोळा आला. माझं दृढीकरण झालंच नव्हतं.

आमच्याकडे, कॅथोलिकांत, स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो; प्रथम कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं, तिसरी-चौथीच्या सुमारास. दृढीकरण त्यानंतर, जरा कळत्या वयात. तान्हेपणी आईवडिलांनी तुमच्या वतीनं जे कबूल केलं, ते आता तुम्ही स्वतः उभं राहून म्हणायचं. त्या वेळी बिशप कपाळाला तेल लावतात. माझ्या बॅचचं मे २०२० मध्ये होतं. का झालं नाही, हे सांगायला नको. पुढच्या वर्षी लहान लहान गट करून उरकलं, पण नेमक्या त्या आठवड्यात आमच्या घरी आम्ही चौघंही पॉझिटिव्ह. मग बारावी, मग बीए. ताई तेव्हा पुण्यात नोकरीला, तिला वाटलं झालं असेल. आईला विचारलं तर म्हणाली, "अरे हो रे, ते राहिलंच की!"

धर्मपिता व्हायचं तर चर्चचा नियम साधा आहे: सोळा वर्षं पूर्ण, कॅथोलिक, कम्युनियन आणि दृढीकरण झालेलं. वय सोडलं तर बाकी सगळं काठावर.

मी वसईचा, कुपारी, म्हणजे तिथल्या मराठी कॅथोलिक समाजातला. घरात कादोडी ही आमची बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी. जुलैत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीच्या, म्हणजे संग्रहालयशास्त्राच्या, एमएला आलो. १९५२ पासून चालणारा हा विभाग, आणि वर्गात वसईचा मी एकटा. राहायला दांडिया बाजारात एका मराठी काकूंकडे पेइंग गेस्ट. काकूंच्या घराण्यात तीन पिढ्या गायकवाडांची चाकरी. त्यांच्या मराठीत गुजराती इतकं मुरलंय की पहिल्या दिवशी त्यांनी "जमून घे" म्हटलं तेव्हा काय जमवायचं ते मला कळेना. जेवून घे, असं म्हणायचं होतं. माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं होतं, "रॉड्रिग्ज आणि मराठी कसा काय?" चारशे वर्षांचा इतिहास सांगायला घेतला तर म्हणाल्या, "बरं, अंडी घरात आणायची नाहीत."

तर, कामाला लागलो. म्हणजे लागणार होतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीला पूर आला. फतेहगंज, समा, अकोटा, सगळीकडे पाणी, आणि पाण्याबरोबर मगरी. चर्चचं ऑफिस गाठायला ८ सप्टेंबर उजाडला.

ऑफिसात फादरांना सगळं सांगितलं, हिंदीत. मला वाटलं होतं एक अर्ज, एक तारीख, काम खलास. फादरांनी शांतपणे चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या. स्नानसंस्काराचा दाखला, नव्यानं काढलेला, फोटोकॉपी चालणार नाही. वसईच्या प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, की हा आमचा मुलगा आहे आणि याचं दृढीकरण झालेलं नाही. आधार कार्ड. आणि दर रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग, येत्या पेंटेकॉस्टपर्यंत. पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, त्या खेपेला ८ जून २०२५. नऊ महिने.

"ऑनलाइन नाही का काही?" मी विचारलं. फादर हसले.

दाखला नव्यानं का लागतो, हे मला दिवाळीत कळलं. हा भाग जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण दाखल्यापाशी पुष्कळ जण अडकतात. आधी मी वसईला फोन केला. व्हॉट्सॲपवर माझ्याच जुन्या दाखल्याचा फोटो आला, कंपासपेटीखाली ठेवल्यासारखा वाकडा. तो चालला नाही. मग नव्या दाखल्यासाठी अर्ज पाठवला, तीन आठवडे काही नाही. शेवटी दिवाळीच्या सुटीत स्वतः गेलो. बडोद्याहून बोरिवलीपर्यंत स्लीपरला तेव्हा अडीचशे-तीनशेच्या घरात पडले, पुढे लोकल.

नोंदवही काढली तर माझं आडनाव 'रॉड्रिक्स'. आधारवर 'रॉड्रिग्ज'. कारकून काकांनी चष्मा वर केला. "तुझ्या आज्याचं पण रॉड्रिक्सच होतं. शाळेत कुणी बदललं असेल." आता दुरुस्तीसाठी पपांचा अर्ज, माझा जन्मदाखला आणि फादरांची सही. पपा त्या दिवशी शेतावर, जन्मदाखला बँकेच्या लॉकरमध्ये, बँक दिवाळीमुळे बंद. असे पाच दिवस गेले. सोपी युक्ती सांगतो: दाखला मागण्याआधी नोंदीतलं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख फोनवर वाचून घ्या. स्पेलिंग जुळत नसेल तर जाण्याआधीच जन्मदाखला बॅगेत टाका. खर्च म्हणाल तर दाखल्यासाठी शंभर रुपये दान दिलं, तेही कुणी मागितलं नव्हतं.

पण या खेपेत एक गोष्ट मिळाली. काकांनी ती वही माझ्यासमोर उघडी ठेवली. मी म्युझिऑलॉजीवाला, माझं लक्ष आधी गेलं ते कसरीनं खाल्लेल्या कडांकडे आणि फाटलेल्या पानावर कुणीतरी प्रेमानं चिकटवलेल्या सेलोटेपकडे. सेलोटेप म्हटलं की आमच्या मॅडमना घाम फुटतो. त्यानंतर रकाने दिसले. नाव, जन्म, स्नानसंस्काराची तारीख, आईवडील, धर्ममातापिता, धर्मगुरू. आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा. माझ्या वर्गातल्या पोरांच्या शेऱ्यात दृढीकरणाची तारीख होती. माझ्या मामेभावाच्या शेऱ्यात लग्नही होतं, तेही दुसऱ्या गावचं. माणूस जगात कुठंही दृढीकरण घेवो, लग्न करो, ते चर्च त्याची खबर स्नानसंस्काराच्या चर्चला कळवतं आणि ती नोंद परत येऊन याच ओळीसमोर बसते. म्हणून दाखला ताजा हवा. त्यात आजवरचा शेरा उतरतो.

आमच्या ॲक्सेशन रजिस्टरचं अगदी हेच आहे. वस्तू संग्रहालयात आली की तिला एक क्रमांक. पुढे ती प्रदर्शनाला गेली, दुरुस्तीला गेली, उसनी दिली, सगळं त्या क्रमांकासमोर. ज्या वस्तूसमोर पन्नास वर्षं काहीच लिहिलेलं नसतं तिला आम्ही काय म्हणतो ते इथं लिहीत नाही. माझा शेरा कोरा होता.

नोव्हेंबरपासून वर्ग सुरू केला. चौतीस जण. तेहेतीस जण नववी-दहावीतले, आणि मागच्या बाकावर दाढीवाला मी. पहिल्या दिवशी एका मुलीनं मला "सर" म्हणून गुड मॉर्निंग केलं. शिकवणाऱ्या सिस्टर चरोतरातल्या, आणंदकडच्या. वर्ग गुजरातीत, मधूनमधून इंग्रजी. मला गुजराती कानानं कळत होतं, वाचता येत नव्हतं. सिस्टरनी पन्नास रुपयांची पुस्तिका हातात दिली आणि म्हणाल्या, पुढच्या रविवारी पहिलं पान वाचून दाखवायचं. देवनागरीची शिरोरेषा मनातल्या मनात पुसत मी प्रार्थना वाचायला शिकलो.

हे लिहायला बसलो त्याचं खरं कारण इथं आहे. 'स्वर्गीय पित्या' आणि 'नमो मारिया' मी मराठीत इतक्यांदा म्हटलंय की तोंड आपोआप चालतं. संध्याकाळच्या जपमाळेत आजीच्या सुराच्या मागं मागं धावायचं, एवढंच. गुजरातीत मात्र प्रत्येक शब्दाशी अडखळायचो. 'आमचे अपराध क्षमा कर' इथवर सगळं सुरळीत, आणि पुढं 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना' इथं अक्षर लावता लावता थांबलो, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की हा तर सौदा आहे, आणि त्यात माझी बाजू भलतीच कच्ची आहे. वीस वर्षं म्हणत होतो. घरी आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आत्तापर्यंत काय म्हणत होतास?"

आजी चर्चला अजून देऊळच म्हणते. गुजरातीतही देवळ. काकूंनी एकदा विचारलं, "रविवारी सकाळी सकाळी कुठं निघतोस?" मी सहज म्हणालो, "देवळात." त्यांनी कौतुकानं डब्यात दोन लाडू जास्त घातले. मी दुरुस्ती केली नाही. नंतर केली. लाडू चालूच राहिले.

विद्यार्थ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. आमच्या अभ्याससहली बहुतेक रविवारी असायच्या, त्या वेळी याचा फार उपयोग झाला. वर्ग चुकणार असेल तर आधी सांगा, नंतरची सबब सिस्टर लोकांना चेहऱ्यावरून कळते. आणि नवीन गावात आल्या आल्या चर्चच्या ऑफिसात नाव नोंदवा, गरज पडण्याआधी. मी दोन महिने नुसता मागच्या दारानं येऊन मागच्या दारानं जात होतो, कुणाला माझं नावही माहीत नव्हतं. पत्र मागायला गेल्यावर त्याची लाज वाटली.

जानेवारीत पवित्र आत्म्याच्या सात दानांवर आलो. शहाणपण, समज, सुमंत्रणा, सामर्थ्य, ज्ञान, भक्ती इथवर ठीक. सातवं देवाचं भय. मी हात वर केला. देव प्रेम आहे म्हणता, मग भय हे दान कसलं? पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. सिस्टरनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही त्या म्युझियममध्ये काय करता?" मी सांगितलं: पहिल्या सत्रात मॅडमनी हातमोजे घालायला लावून एक लघुचित्र माझ्या तळहातांवर ठेवलं होतं. हात थरथरत होते. "मॅडम ओरडतील म्हणून?" नाही. मॅडम बाहेर गेल्या होत्या. सिस्टर पुढच्या पानाकडे वळल्या. मी मात्र तो तास संपेपर्यंत तळहात बघत बसलो.

फेब्रुवारीत ताईला मुलगा झाला. त्याच महिन्यात सिस्टरनी विचारलं, दृढीकरणासाठी कुणा संताचं नाव घ्यायचं का? सक्ती नव्हती. वसईच्या माणसाला यात विचार करावा लागत नाही: वसईतच जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया. लहानपणी त्याची गोष्ट फक्त 'नागासाकीत क्रुसावर भाला भोसकून मारलं, ५ फेब्रुवारी १५९७' एवढीच ठाऊक होती. आता नीट वाचली. जेझुइट या संन्यासी संघाबरोबर जपानात काम केलं, त्यांच्यात प्रवेश काही मिळाला नाही, मग व्यापारात पडला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, तोही धर्मगुरू नव्हे, साधा ब्रदर. म्हणजे उशिरा पोचलेला माणूस. त्याला संत घोषित केलं ८ जून १८६२ रोजी, आणि तोही दिवस पेंटेकॉस्टचाच होता. माझी तारीखही ८ जून. योगायोग आहे, मान्य. तरी वहीत लिहून ठेवला.

५ मार्चला राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख घेऊन थेट लेक्चरला. गुजरातमध्ये कपाळावर काहीतरी असणं इतकं साधं आहे की कुणी विचारलंसुद्धा नाही, फक्त प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "काही सांडलं का?" उपवासकाळात मांसाहार सोडतो असं काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे तुझा बाराही महिने उपवासच आहे की." खरंच होतं. मग मी फोन सोडायचा ठरवला, रात्री दहानंतर. चाळीस दिवसांपैकी फार तर सव्वीस दिवस जमलं.

पापनिवेदन हा सगळ्यात अवघड टप्पा. शेवटचं कधी केलं होतं, आठवत नव्हतं. शिवाय पापं कुठल्या भाषेत सांगायची? इंग्रजीत सांगितली तर मुलाखत वाटते, हिंदीत सांगायला घेतली तर सिनेमातला संवाद. दोन वाक्यांत अडकलो. फादर जाळीपलीकडून म्हणाले, "मराठीत बोल. मला अर्धं कळेल, ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं." मग बोललो. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा रांगेतली पोरं माझ्याकडे रागानं बघत होती.

२० एप्रिलला ईस्टर झाला आणि दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. त्यानंतरच्या मिस्सांमध्ये एक बारीक गोष्ट कानाला खटकली. एरवी प्रार्थनेत पोपचं नाव येतं, मग बिशपचं. आता फादर पोपचं नाव वगळून थेट बिशपवर येत होते. नाव नाही, कारण पोप नाही. इतकी वर्षं ते नाव माझ्या कानावरून जात होतं. ते गेल्यावर ऐकू आलं.

२७ एप्रिलला तोंडी परीक्षा झाली, पास झालो. आणि मग सगळी गणितं बदलली. भावोजी बोटीवर असतात. त्यांना मेच्या मध्यात जॉइन व्हायचं होतं. बाळाचा स्नानसंस्कार त्याआधीच करायला हवा होता. ताई रडवेली होऊन म्हणाली, "काय करू सांग." काय सांगणार? मामाच्या एका कागदासाठी बापाशिवाय बाळाचा संस्कार करायचा? भावोजींचा चुलतभाऊ धर्मपिता झाला.

११ मेचा रविवार. तीनच दिवसांपूर्वी पोप लिओ निवडून आले होते, आणि वसईच्या आमच्या फादरांची जीभ नव्या नावाशी किंचित अडखळली. मी तिसऱ्या रांगेत. फादरांनी आईवडील आणि धर्ममातापित्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली: सैतानाचा त्याग करता का? सर्वसमर्थ पित्यावर श्रद्धा आहे का? त्यांच्याबरोबर पुटपुटायची आपल्याकडे सवयच असते. मीही "होय" म्हणालो आणि माझ्या लक्षात आलं की मी प्रश्न ऐकून उत्तर देतोय. ते सहा महिन्यांचं पाठांतर होतं की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

आता बडोद्याला परत जायचं काहीच कारण उरलं नव्हतं. सुटी होती, बडोद्यात बेचाळीस डिग्री. सर्टिफिकेट कुणी मागणार नव्हतं. पपा म्हणाले, "पुढच्या वर्षी इथंच घे, सगळ्यांसमोर." मी 'पुढच्या वर्षी' हे शब्द २०२१ पासून ऐकत होतो. ५ जूनचं तिकीट काढलं. वेटिंग १४, ते शेवटच्या क्षणी कन्फर्म झालं. त्यावरचा विनोद ताईनं केला, मी नाही.

दृढीकरणालाही एक धर्मपिता लागतो, तोही दृढीकरण झालेला, आणि स्वतःचे आईवडील चालत नाहीत. मी विद्यापीठातल्या एका केरळच्या दादाला विचारलं होतं. तो रसायनशास्त्रात पीएचडी करतो. त्याच्या चर्चचं पत्र एका आठवड्यात आलं. माझ्या पत्राला दोन महिने लागले होते. ७ तारखेला सराव आणि पुन्हा पापनिवेदन. नवा पांढरा शर्ट साडेसहाशेचा, मेणबत्ती तीस रुपयांची.

आजीनं फोनवर बजावलं होतं, "बिशप थोबाडीत मारतात, घाबरू नकोस." तिच्या वेळी मारत, हलकीशी, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी म्हणून. १९७१ मध्ये विधी बदलला, तेव्हापासून ती गेली. आजीचं दृढीकरण झालं तेव्हा वसईचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला विभाग, नव्हता, तो १९९८ चा. आणि बडोद्याचा १९६६ चा. त्याआधी दोन्ही मुंबईतच. म्हणजे तिचं आणि माझं, एका हिशेबानं, एकाच घरात.

प्रत्यक्ष विधी माझ्यापुरता पंधरा सेकंदांचा. रांगेत मी चौतिसावा. दादाचा हात माझ्या उजव्या खांद्यावर. त्यानं बिशपांना "गोन्सालो" म्हणून सांगितलं. बिशपांनी अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढला, पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार असं म्हणाले. मी आमेन म्हटलं. थोबाडीत नाही. ते शांती असो म्हणाले. तेलाला गोडसर वास होता. ऑलिव्ह तेलात सुगंधी राळ मिसळून पवित्र आठवड्यात बिशप ते तयार करतात. तो ओघळ कॉलरवर आला. कापडावरचा तेलाचा डाग कसा काढायचा, यावर आमचं अख्खं प्रात्यक्षिक आहे. शर्ट तसाच ठेवलाय.

काकू आल्या होत्या. शेवटच्या बाकावर, पदर डोक्यावर घेऊन, दोन तास. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुमच्यात प्रसाद सगळ्यांना नाही देत?" मग मी त्यांना रावपुऱ्यात आइस्क्रीम खायला नेलं.

सर्टिफिकेट त्याच दिवशी मिळालं. पण एक लक्षात ठेवा: वसईला खबर गेली का, ते स्वतः विचारा. पोस्टाची पत्रं हरवतात, आणि मग लग्नाच्या वेळी सगळं पुन्हा. मी सर्टिफिकेटची एक प्रत मामेभावाबरोबरही पाठवली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यानं नोंदवहीचा फोटो पाठवला. आडनाव दुरुस्त झालंय, शेजारी फादरांची सही आहे. शेऱ्यात कारकून काकांच्या अक्षरात: 'दृढीकरण, ८-६-२०२५, बडोदा.' सेलोटेपवर शाई धरत नाही, म्हणून ते जरा खाली सरकून, तिरपं लिहिलंय.